हवेनं गाडी थांबवणारा माणूस : जॉर्ज वेस्टिंगहाऊस

वेस्टिंगहाऊस हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी पहिल्यांदा ऐकलेलं असतं ते फर्स्ट इयरच्या बेसिक इलेक्ट्रिकलमध्ये. एडिसन डीसीच्या बाजूचा, टेस्ला एसीच्या बाजूचा, आणि टेस्लाच्या मागे पैसा घेऊन उभा राहिलेला तो वेस्टिंगहाऊस. एवढ्यावर त्याची बोळवण होते. याबद्दल आम्ही मेकॅनिकलवाल्यांनी खरं तर जरा भांडायला हवं, कारण हा माणूस मुळात आमचा. विजेच्या धंद्यात तो उतरला तेव्हा चाळिशीला टेकला होता. त्याच्या कितीतरी आधी त्याने एका गोष्टीवर नाव आणि पैसा दोन्ही कमावलं होतं. ती गोष्ट म्हणजे ब्रेक.

एस.टी. स्टँडवर पाच मिनिटं उभं राहिलं तरी हा विषय कानावर पडतो. कुठल्या तरी गाडीखालून अचानक जोरात "फुस्स" असा आवाज येतो, शेजारचं लहान मूल दचकतं, आणि कधी कधी गाडीखाली ओला डाग दिसतो. ड्रायव्हरने ब्रेकला हातपाय काहीच लावलेला नसतो. हा आवाज बऱ्याचदा एअर ड्रायर नावाच्या डब्याचा असतो. पुस्तकात हा ड्रायर चार ओळींत संपतो. पण तो गाडीत का लागतो हे नीट समजून घ्यायचं असेल, तर दीडशे वर्षं मागे जाऊन जॉर्ज वेस्टिंगहाऊसला भेटावं लागतं.

वडिलांचं वर्कशॉप, युद्ध आणि अर्धवट कॉलेज

जॉर्जचा जन्म ६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात सेंट्रल ब्रिज नावाच्या लहानशा गावी झाला. दहा भावंडांतला तो आठवा. वडिलांचं नावही जॉर्जच. शेतीची यंत्रं बनवण्याचा त्यांचा कारखाना होता. १८५६ मध्ये सगळं कुटुंब स्केनेक्टडी या शहरात आलं आणि कारखानाही तिथेच मोठा झाला. जॉर्जचं शाळेत फारसं मन रमायचं नाही. त्याची खरी शाळा म्हणजे वडिलांचं वर्कशॉप. लेथ, वाफेचं इंजिन, पट्टे, गिअर या सगळ्यांत तो वाढला.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. १८६३ मध्ये, वय वर्षं सोळा, जॉर्ज सैन्यात भरती झाला. आधी घोडदळात होता, नंतर १८६४ च्या अखेरीस नौदलात गेला आणि एका गनबोटीवर ज्युनिअर इंजिनिअर म्हणून काम करू लागला. त्याचा भाऊ अल्बर्ट या युद्धात मारला गेला. १८६५ मध्ये युद्ध संपल्यावर जॉर्ज घरी परतला आणि गावातल्याच युनियन कॉलेजात त्याने नाव घातलं. पहिली टर्म संपायच्या आतच त्याने कॉलेज सोडलं. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला, एकोणिसाव्या वर्षी, रोटरी स्टीम इंजिनचं पहिलं पेटंट त्याच्या हातात होतं. (हे वाचून कोणी हॉस्टेलवरून घरी फोन करू नये. त्याच्या वडिलांचा कारखाना होता, हे लक्षात ठेवावं.)

पुढे त्याने रुळावरून घसरलेले डबे परत रुळावर चढवायचं एक साधन बनवलं. रेल्वेच्या सांध्यातला एक भाग, ज्याला तिकडे फ्रॉग म्हणतात, तोही जास्त टिकेल असा बनवला. ही साधनं विकायला तो गावोगाव फिरू लागला. १८६७ मध्ये मार्गरेट वॉकर हिच्याशी त्याचं लग्न झालं. मार्गरेटने त्याला पुढची सेहेचाळीस वर्षं साथ दिली.

दोन मालगाड्यांची टक्कर

१८६६ मध्ये स्केनेक्टडी आणि ट्रॉय या दोन गावांच्या दरम्यान जॉर्जची गाडी अडकून पडली. पुढे दोन मालगाड्या समोरासमोर आदळल्या होत्या. दिवस लख्ख उजेडाचा, रूळ सरळ आणि सपाट. दोन्ही ड्रायव्हरना समोरची गाडी दिसली होती. तरीही टक्कर झाली, कारण गाडी थांबवणं ड्रायव्हरच्या हातात नव्हतंच.

हे आज आपल्याला विचित्र वाटतं. पण त्या काळी ब्रेक लावायचे म्हणजे काय करायचं? ड्रायव्हर शिट्टी द्यायचा. ती ऐकून ब्रेकमन नावाची माणसं डब्याडब्यावरचं लोखंडी चाक हाताने फिरवायची. त्या चाकाने साखळी गुंडाळली जायची आणि लाकडी किंवा लोखंडी ठोकळे चाकांवर दाबले जायचे. मालगाडीत हे चाक डब्याच्या टपावर असायचं. म्हणजे चालत्या गाडीच्या टपावरून, पावसात, बर्फात, रात्रीच्या अंधारात, एका डब्यावरून दुसऱ्या डब्यावर उडी मारत जायचं. किती ब्रेकमन खाली पडून मेले याचा तेव्हा कोणी फार विचारही करत नसे. आणि एवढं करून प्रत्येक डब्याचा ब्रेक वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या जोराने लागायचा.

जॉर्जच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. सगळ्या डब्यांचे ब्रेक एकाच माणसाने, इंजिनमधून, एकाच वेळी लावले पाहिजेत. पण ताकद कशी पोचवायची? साखळीने करून बघायचा विचार केला. लांब गाडीत साखळी पुरत नाही. मग वाफ. इंजिनात वाफ आयतीच असते, पाईप टाकून मागे न्यायची. पण थंड पाईपमधून जाताना वाफेचं पाणी होतं आणि थंडीत त्या पाण्याचा बर्फ. म्हणजे ऐन वेळी पाईप बंद. वाफेचा विचार त्याने सोडला. हे पाणी लक्षात ठेवा, ते आपल्याला पुढे परत भेटणार आहे.

उत्तर मिळालं ते एका मासिकात. आल्प्स पर्वतात, फ्रान्स आणि इटलीच्या मधे, माँ सेनी नावाचा बोगदा खोदायचं काम चालू होतं. तिथे खडक फोडायची ड्रिल्स दाबलेल्या हवेवर चालत होती, आणि ती हवा पाईपमधून हजारो फूट आत नेली जात होती. जॉर्जने विचार केला, हवा जर एवढ्या लांब जाऊन डोंगर फोडू शकते, तर गाडीखाली जाऊन चाक का थांबवू शकणार नाही? हवा थंड झाली तरी हवाच राहते. हवेला विकतही घ्यावं लागत नाही.

पहिला ब्रेक

१८६८ मध्ये तो पिट्सबर्गला आला. राल्फ बॅगली नावाच्या मित्राने पैशाची मदत केली. इंजिनावर वाफेने चालणारा एक पंप, तिथेच हवेची टाकी, ड्रायव्हरच्या हाताशी एक व्हॉल्व्ह, सगळ्या गाडीभर एक पाईप, दोन डब्यांच्या मधे रबरी होज, आणि प्रत्येक डब्याखाली पिस्टन असलेला एक सिलिंडर. व्हॉल्व्ह उघडला की टाकीतली हवा पाईपमधून सिलिंडरमध्ये जाणार, पिस्टन पुढे सरकणार, ब्रेक लागणार. याला स्ट्रेट एअर ब्रेक म्हणतात.

पॅनहँडल रेल्वेने एक इंजिन आणि काही डबे चाचणीसाठी दिले. ड्रायव्हरचं नाव डॅनिअल टेट. शेवटच्या डब्यात रेल्वेचे अधिकारी बसले होते. गाडी पिट्सबर्गच्या बोगद्यातून बाहेर पडून वेग घेते न घेते तोच समोरच्या फाटकात एक घोडागाडी आडवी आली. घोडे बिथरले आणि गाडीवान रुळावर पडला. टेटने व्हॉल्व्ह फिरवला. मागचे अधिकारी बाकांवरून उडाले, पण गाडी त्या माणसापासून अवघ्या काही फुटांवर थांबली. ठरवून केलेल्या कुठल्याही डेमोने इतकं पटवून दिलं नसतं. १३ एप्रिल १८६९ रोजी पेटंट मिळालं आणि त्याच वर्षी वेस्टिंगहाऊस एअर ब्रेक कंपनी सुरू झाली. संस्थापकाचं वय बावीस. आपल्याकडे या वयात माणूस कॅम्पस इंटरव्ह्यूला टाय कसा बांधायचा ते शिकत असतो.

खरी गोष्ट : उलटा विचार

बहुतेक लोक इथे थांबले असते. ब्रेक चालतो, ऑर्डर येताहेत, कंपनी जोरात आहे. पण या ब्रेकमध्ये एक मोठी खोट होती आणि ती जॉर्जला दिसत होती. ब्रेक लावायला पाईपमध्ये हवा भरावी लागते. मग पाईप फुटला तर? दोन डब्यांमधली जोडणी तुटून गाडीचे दोन तुकडे झाले तर? ज्या क्षणी ब्रेक सर्वांत जास्त हवा, नेमका त्याच क्षणी ब्रेक नाही. शिवाय हवा मागच्या डब्यापर्यंत पोचायला वेळ लागायचा, त्यामुळे पुढचे डबे थांबायचे आणि मागचे त्यांच्यावर आदळायचे.

१८७२ मध्ये त्याने सगळी पद्धतच उलटी करून टाकली. माझ्या मते हीच त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी कल्पना. आधी हवा सोडली की ब्रेक लागायचा. आता हवा गेली की ब्रेक लागणार. पाईपमध्ये कायम दाबाखालची हवा भरून ठेवायची. प्रत्येक डब्याखाली स्वतःची एक छोटी टाकी, आणि पाईप, टाकी व सिलिंडर या तिघांच्या मधे एक व्हॉल्व्ह. तो तीन कामं करतो म्हणून त्याचं नाव ट्रिपल व्हॉल्व्ह. पाईपमधला दाब जास्त असेल तर तो टाकी भरतो आणि सिलिंडरमधली हवा बाहेर सोडून ब्रेक मोकळा ठेवतो. पाईपमधला दाब कमी झाला, की व्हॉल्व्हचा पिस्टन सरकतो आणि टाकीतली हवा सिलिंडरमध्ये जाते. ब्रेक लागला.

यात गंमत अशी की पाईपमधला दाब कशाने कमी झाला याची व्हॉल्व्हला पर्वा नाही. ड्रायव्हरने मुद्दाम कमी केला, होज फुटला, डबे तुटून वेगळे झाले, काहीही असो. दाब गेला की ब्रेक लागणार. तुटलेल्या गाडीचे दोन्ही तुकडे आपोआप थांबणार. आज आपण ज्याला फेल-सेफ म्हणतो ते हेच. मशीन बिघडलं तर ते कुठल्या बाजूला बिघडावं, हे डिझाईन करणाऱ्याने आधीच ठरवून ठेवायचं.

आर्मा

ही कल्पना किती महत्त्वाची होती हे ब्रिटनला फार मोठी किंमत मोजून कळलं. तिथे वेस्टिंगहाऊसचा ब्रेक आणि व्हॅक्यूम ब्रेक यांच्यात वर्षानुवर्षं चढाओढ चालली होती. १८७८ मध्ये जॉर्जने स्वतः तिकडे जाऊन डग्लस गॅल्टन या इंजिनिअरबरोबर चाचण्या केल्या. त्यासाठी दाब आणि जोर आपोआप नोंदवणारी उपकरणंही बनवली. त्यातून कळलं की वेग जास्त असताना ब्रेकचं घर्षण कमी असतं, आणि चाक जाम होऊन घसरायला लागलं की गाडी लवकर थांबत नाही, उलट जास्त लांब जाते. आजच्या एबीएसच्या मागे हीच गोष्ट आहे.

तरीही पुष्कळ कंपन्या साध्या, म्हणजे आपोआप न लागणाऱ्या व्हॅक्यूम ब्रेकवरच चालत होत्या. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये आर्मा या गावाजवळ संडे स्कूलच्या सहलीची गाडी चढावर अडकली. पुढचे डबे आधी वर नेऊन ठेवू म्हणून गाडी मधून तोडली. तोडल्याबरोबर मागच्या डब्यांचा व्हॅक्यूम ब्रेक निकामी झाला. उरला एक हँडब्रेक आणि चाकाखाली लावलेले दगड. पुढच्या भागाचा हलकासा धक्का बसला, दगड चिरडले, आणि माणसांनी खच्चून भरलेले डबे उतारावरून मागे धावत सुटले. मागून दुसरी गाडी येत होती. सुमारे ऐंशी माणसं गेली, त्यात मुलं पुष्कळ होती. त्याच वर्षी ब्रिटनच्या संसदेने कायदा करून प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा केला. १८७२ मध्ये सुटलेला प्रश्न होता. सतरा वर्षं तो नुसता वापरायचा बाकी होता.

आपल्या रेल्वेने ब्रिटिशांच्या मागोमाग व्हॅक्यूम ब्रेकच घेतला (अर्थात आपोआप लागणारा), आणि तो फार वर्षं चालला. पण व्हॅक्यूमला एक मर्यादा आहे. दाबातला फरक एका ॲटमॉस्फिअरपेक्षा जास्त मिळूच शकत नाही, त्यामुळे सिलिंडर अवाढव्य लागतात. एअर ब्रेकच्या पाईपमध्ये पाच बारच्या आसपास दाब ठेवता येतो. गाड्या लांब आणि जड होत गेल्या तसं १९८० च्या दशकापासून भारतीय रेल्वेही एअर ब्रेककडे वळली.

पन्नास डब्यांची परीक्षा

अमेरिकेत प्रवासी गाड्यांनी एअर ब्रेक स्वीकारला, पण मालगाड्यांचं काय? १८८६ आणि १८८७ मध्ये आयोवा राज्यात बर्लिंग्टन इथे पन्नास डब्यांच्या मालगाडीवर वेगवेगळ्या कंपन्यांच्या ब्रेकची परीक्षा झाली. वेस्टिंगहाऊसचा ब्रेक त्यात नीट पास झाला नाही. पाईपमधला दाब कमी झाल्याची खबर शेवटच्या डब्यापर्यंत पोचायला इतका उशीर लागत होता, की पुढचे डबे थांबल्यावर मागचे येऊन धडकत होते. विजेशिवाय हे जमणार नाही, असं मत बनत चाललं होतं.

जॉर्जने हार मानली नाही आणि दुसऱ्यांना दोषही दिला नाही. त्याने परत ट्रिपल व्हॉल्व्ह उघडला आणि त्यात एक सोय केली. इमर्जन्सीमध्ये प्रत्येक व्हॉल्व्ह आपल्या जागीच पाईपमधली थोडी हवा काढून घेईल. म्हणजे प्रत्येक डबा पुढच्या डब्याला स्वतःच खबर देणार. आता पन्नासाव्या डब्यापर्यंत ब्रेक पोचायला दोन-अडीच सेकंद पुरू लागले. १८८७ च्या अखेरीस पन्नास डब्यांची एक गाडी घेऊन त्याच्या माणसांनी शहरोशहरी हा ब्रेक दाखवला.

त्याचा आणखी एक नियम होता. नवा ब्रेक कितीही सुधारलेला असो, तो जुन्या ब्रेकबरोबर त्याच गाडीत चालला पाहिजे. एका कंपनीचा डबा दुसऱ्या कंपनीच्या गाडीला जोडला जातो, तिथे हे केलं नाही तर सगळंच व्यर्थ. दर वर्षी मोबाईलचा चार्जर बदलणाऱ्या कंपन्यांनी हे वाचायला हरकत नव्हती. शेवटी १८९३ मध्ये अमेरिकेच्या संसदेने रेल्वे गाड्यांना पॉवर ब्रेक आणि आपोआप जुळणारे कपलर सक्तीचे करणारा कायदा केला. टपावरून धावणाऱ्या ब्रेकमनचा जीव त्या कायद्याने वाचवला.

वीज, यश आणि १९०७

विजेची गोष्ट सगळ्यांना थोडीफार माहीत आहे, म्हणून मी थोडक्यात सांगते. १८८६ मध्ये त्याने वेस्टिंगहाऊस इलेक्ट्रिक कंपनी काढली. त्याच वर्षी विल्यम स्टॅनली या इंजिनिअरने त्याच्यासाठी ट्रान्सफॉर्मर वापरून एसी पुरवठा करून दाखवला. १८८८ मध्ये टेस्लाच्या मोटरचे पेटंट हक्क घेतले. एडिसनच्या बाजूने एसी किती जीवघेणा आहे याचा खूप प्रचार झाला. तरी १८९३ चं शिकागोचं जागतिक प्रदर्शन वेस्टिंगहाऊसच्या एसीने उजळलं, आणि नोव्हेंबर १८९६ मध्ये नायगाऱ्याची वीज बफेलो शहरात पोचली.

कारखान्यातल्या माणसांशी त्याचं वागणं त्या काळाच्या मानाने वेगळं होतं. १८७१ पासूनच त्याच्या कामगारांना शनिवारी अर्धा दिवस सुट्टी असे. पुढे विल्मर्डिंग इथे एअर ब्रेकचा मोठा कारखाना उभा राहिला तेव्हा त्याच्याभोवती कामगारांसाठी चांगली घरं बांधली गेली.

१९०७ मध्ये अमेरिकेत मोठं आर्थिक संकट आलं. वाढीसाठी काढलेलं कर्ज अंगावर आलं आणि इलेक्ट्रिक कंपनी कोर्टाच्या ताब्यात गेली. पुढच्या तीन-चार वर्षांत स्वतःच्या नावाच्या कंपनीतून त्याला बाहेर पडावं लागलं. या सगळ्या वादळात एअर ब्रेक कंपनी मात्र शाबूत राहिली. १९११ मध्ये त्याला अमेरिकन इलेक्ट्रिकल इंजिनिअर्सच्या संस्थेचं एडिसन मेडल मिळालं. नशिबाचा विनोद म्हणतात तो हा. शेवटच्या काळात तो मोटारगाडीसाठी हवेच्या स्प्रिंगवर काम करत होता. म्हणजे फिरून फिरून परत हवेकडेच. १२ मार्च १९१४ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याचं निधन झालं. तेव्हा त्याच्या नावावर ३६१ पेटंट्स होती. युद्धात लढलेला सैनिक म्हणून अर्लिंग्टनच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत त्याची समाधी आहे.

रुळावरून रस्त्यावर, आणि परत पाणी

१९२० च्या दशकात एअर ब्रेक ट्रक आणि बसमध्ये आला. १९३० मध्ये बेंडिक्स-वेस्टिंगहाऊस ही कंपनी खास मोटारगाड्यांच्या एअर ब्रेकसाठी निघाली. आज आपल्याकडच्या जड ट्रक-बसमध्ये जो ब्रेक असतो त्यातही जॉर्जची उलटी कल्पना आहे. मागच्या चाकांच्या पार्किंग ब्रेकमध्ये एक जबरदस्त स्प्रिंग असते. ती ब्रेक लावायला बघते आणि हवा तिला दाबून धरते. हवा गेली की स्प्रिंग सुटते आणि ब्रेक लागतो. म्हणून सकाळी ड्रायव्हर इंजिन चालू करून प्रेशर भरायची वाट बघत बसतो. हवा भरल्याशिवाय गाडी हलतच नाही.

पण जॉर्जने ज्या पाण्याला कंटाळून वाफ सोडली, ते पाणी हवेतूनही आलंच. याचा हिशोब थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरपेक्षा सोपा आहे. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर जागेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम पाण्याची वाफ मावते. ही मर्यादा तापमानावर असते, हवेच्या दाबावर नाही. आता पावसाळ्यातली हवा घ्या, आर्द्रता ८० टक्के. (आर्द्रता हा शब्द मी आईला विचारून घेतला आहे, आमच्या शाळेत ह्युमिडिटी होती.) म्हणजे दर घनमीटरला २४ ग्रॅम पाणी. कॉम्प्रेसरने अशी ९ घनमीटर हवा दाबून १ घनमीटरमध्ये बसवली, म्हणजे गेजवर साधारण ८ बार. पाणी आलं २१६ ग्रॅम. हवा परत ३० अंशाला थंड झाल्यावर मावणार फक्त ३०. उरलेलं १८६ ग्रॅम, म्हणजे मोठा कपभर पाणी, टाकीत जमा. गाडीची टाकी एवढी मोठी नसते हे खरं, पण ती दिवसभरात कितीतरी वेळा भरते आणि रिकामी होते.

हे पाणी काय करतं? टाकी आतून गंजवते. व्हॉल्व्हमधलं ग्रीस धुऊन काढतं. कॉम्प्रेसरच्या तेलात मिसळून चिकट गाळ बनवतं. टाकीत हवेची जागा खातं. थंड प्रदेशात गोठून पाईप बंद करतं. आणि इथेच खरा धोका आहे. वेस्टिंगहाऊसची फेल-सेफ पद्धत हवा गेली तर वाचवते. पण त्यासाठी व्हॉल्व्ह हलला पाहिजे. गंजाने, गाळाने किंवा बर्फाने व्हॉल्व्हच अडकला तर हवा असो वा नसो, सगळी हुशारी वाया. म्हणजे ब्रेकला नुसती हवा पुरत नाही, कोरडी हवा लागते.

पूर्वी यावर एकच उपाय होता. टाकीच्या तळाला तोटी असायची आणि रोज ती उघडून पाणी सोडून द्यायचं. हे काम रोज करणारा माणूस मिळाला तर ठीक. म्हणून मग एअर ड्रायर आला. तो कॉम्प्रेसर आणि पहिली टाकी यांच्या मधे बसतो. कॉम्प्रेसरमधून हवा चांगली तापून निघते, त्यामुळे ड्रायरपर्यंतचा पाईप मुद्दाम लांब ठेवतात, म्हणजे वाटेत ती थंड होते आणि बरंचसं पाणी थेंबांच्या रूपात येतं. ड्रायरमध्ये शिरल्यावर हे थेंब आणि तेल खाली पडतात. उरलेली वाफ घेऊन हवा वर कार्ट्रिजमधून जाते. त्यात बारीक दाणे भरलेले असतात, त्यांना डेसिकंट म्हणतात. नव्या बुटांच्या खोक्यात पांढरी पुडी असते ना, त्याच जातीचं. या दाण्यांना सूक्ष्म छिद्रं असतात आणि पाण्याचे रेणू त्यांच्या पृष्ठभागाला चिकटून राहतात. वरून निघते ती कोरडी हवा. ती एका नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमधून टाकीत जाते, आणि त्यातली थोडी एका छोट्या पर्ज टाकीत राखून ठेवली जाते.

पण दाणे किती पाणी धरणार? कधीतरी भरणारच. म्हणून टाकीतला दाब ठरलेल्या आकड्याला पोचला, साधारण ८ बारच्या आसपास, की गव्हर्नर दोन गोष्टी करतो. कॉम्प्रेसरचा लोड काढतो आणि ड्रायरच्या तळाचा पर्ज व्हॉल्व्ह उघडतो. आतला दाब एकदम बाहेर पडतो आणि साचलेलं पाणी, तेल बरोबर घेऊन जातो. हाच तो स्टँडवरचा "फुस्स". त्यानंतर पर्ज टाकीतली कोरडी हवा हळूहळू उलट दिशेने दाण्यांमधून येते. दाब उतरल्यामुळे ही हवा आठ-नऊ पट फुगते आणि आणखी कोरडी होते, त्यामुळे दाण्यांना चिकटलेलं पाणी उचलून ती बाहेर नेते. दाणे परत तयार. टाकीतला दाब ठरावीक इतका उतरला की पर्ज व्हॉल्व्ह बंद होतो आणि नवा फेरा सुरू. स्वतःच स्वतःला वाळवणारं हे यंत्र आहे आणि त्याला बाहेरून काहीच लागत नाही.

त्याचा एकच शत्रू, तेल. कॉम्प्रेसरच्या रिंगा झिजून तेल वर येऊ लागलं की दाण्यांवर त्याचा थर बसतो, छिद्रं बंद होतात आणि ते पाणी धरेनासे होतात. तेव्हा कार्ट्रिज बदलण्याशिवाय इलाज नाही. ड्रायर चालतोय का हे बघायला लॅब लागत नाही. ड्रायरच्या पुढच्या टाकीची तोटी उघडायची. नुसती हवा आली तर ठीक. पाणी आलं तर ड्रायर गेला, आणि फेसाळ पांढरं आलं तर तेलसुद्धा येतंय. वर्कशॉपमधले मेकॅनिक हे बोट लावून ओळखतात.

नाव अजून आहे

वेस्टिंगहाऊसच्या एअर ब्रेक कंपनीची आजची वारस वॅबटेक. तिच्या नावातलं पहिलं अक्षर अजून त्याचंच आहे. २०१९ मध्ये याच वॅबटेकमध्ये जनरल इलेक्ट्रिकचा रेल्वे इंजिनांचा धंदा विलीन झाला. जनरल इलेक्ट्रिक म्हणजे एडिसनच्या कंपनीतून निघालेली कंपनी. बिहारमध्ये मढौरा इथे जो डिझेल इंजिनांचा कारखाना आहे तोही यामुळे वॅबटेककडे आला. करंटची लढाई संपून शतक उलटल्यावर एडिसनच्या घरची इंजिनं वेस्टिंगहाऊसच्या दारात आली, असं म्हणायला हरकत नाही.

जाता जाता एकच सांगते. आपल्या प्रोजेक्टच्या सबमिशनला गाईड विचारतात, मॉडेल चालतंय का? चालत असलं की आपण सुटलो. जॉर्ज वेस्टिंगहाऊसचा पहिला ब्रेक उत्तम चालत होता. त्यावर एका माणसाचा जीवही वाचला होता. तरीही बंद पडल्यावर हा काय करेल, हा प्रश्न त्याने विचारला आणि चालणारी गोष्ट स्वतःच मोडून नव्याने केली. यंदाच्या फायनल इयरवाल्यांनी सायनॉप्सिसमध्ये एवढा एक मुद्दा घालून बघावा. व्हायवाला एक्स्टर्नल खूश होतील. आणि समजा नाही झाले, तरी ते मशीन वापरणारा माणूस नक्की होईल.